गासच्या बाळंतिणींची नोंद होऊ द्या

गास, गिरीज, भुईगाव, निर्मळ, उमराळे, वाघोली, नंदाखाल या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला हे आवाहन आहे. ज्या घरात आज कुणाला दिवस गेले आहेत, ज्या घरात गेल्या काही वर्षांत पाळणा हलला आहे किंवा हलता हलता राहिला आहे, त्या घराला सर्वांत आधी.

मागणं दोनच आहे. घरातलं प्रत्येक गरोदरपण बाराव्या आठवड्याच्या आत सरकारी दप्तरात नोंदवा, मग बाळंतपण कितीही महागड्या खासगी दवाखान्यात करायचं ठरलेलं असो. आणि बाळंतपणाबद्दल, पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल कुणी अभ्यासक रीतसर परवानगी घेऊन विचारायला आला, तर दार लावून घेऊ नका. आधी त्यालाच चार प्रश्न विचारा, समाधान झालं तर उत्तरं द्या. पैसे कुणी मागत नाही.

यात आवाहन करण्यासारखं काय आहे, असं बऱ्याच जणांना वाटेल. आपल्याकडे आता घरी कोण बाळंत होतं? खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. केरळ सोडलं तर एवढा कमी आकडा तेव्हा कुठल्याच राज्याचा नव्हता. या ३३ वर समाधान मानून आपण स्वस्थ बसलो आहोत, आणि माझी तक्रार त्या स्वस्थपणाबद्दल आहे.

कारण ती कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला आपला पालघर जिल्हा म्हणजे एका टोकाला मोखाडा-जव्हार, जिथे पावसाळ्यात अवघडलेल्या बाईला डोली करून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि दुसऱ्या टोकाला वसई-विरार, जिथे २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर माणसं होती आणि स्टेशनाबाहेर पडलं की मॅटर्निटी होमच्या पाट्या दिसतात. या दोघांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो ना मोखाड्याचा, ना गासचा. राज्यात चारातलं एक बाळंतपण सिझेरियन आहे. आपल्या पट्ट्यात किती? राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या वाड्यांमध्ये किती? या पाहणीतून याचं उत्तर निघत नाही, आणि दवाखान्यांच्या फायलींमधून कुणी काढलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्याकडची रीत बघा. पहिली सोनोग्राफी नालासोपाऱ्यात, पुढची तपासणी वसईत, सातव्या महिन्यात माहेरी, बाळंतपण माहेरच्या दवाखान्यात आणि टाके काढायला परत सासरी. कागद सगळे प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर. बाळाचं बारसं किंवा बाप्तिस्मा झाला की ती पिशवी पुन्हा कुणी उघडत नाही. गरीब बाई सरकारी दवाखान्यात जाते, म्हणून तिची निदान वहीत एक ओळ असते. आपण पैसे मोजून त्या वहीतून बाहेर पडलो. आपली गावं महापालिकेत असावीत की नसावीत यासाठी आपण मोर्चे काढले, कोर्टात गेलो. पण आपल्या बाळंतिणींची नोंद जिल्हा परिषदेच्या दप्तरात की महापालिकेच्या, हा प्रश्न त्या मोर्च्यांत ऐकल्याचं मला आठवत नाही.

गंमत अशी की अभ्यास आपल्या दारावरूनच ये-जा करतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आणि बाल आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला आहे, १९७० पासून. त्याच संस्थेच्या देखरेखीखालचं ग्रामीण संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात डहाणूला आहे. मुंबईहून डहाणूला जाताना नालासोपारा मध्येच लागतं.

आपले स्वतःचे असे प्रश्न तरी आहेत का? निदान एक तरी आहे, आणि तो आपल्या परसात आहे. आपल्या भागातल्या विहिरी खाऱ्या होत गेल्या हे कुणाला सांगायला नको. वाडीतलं पाणी उपसून टँकर शहराकडे धावायचे त्या काळात लोक रस्त्यावर उतरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारातून हरित वसईची चळवळ उभी राहिली. ते भांडण केळी, पानवेल आणि फुलबागा वाचवण्याचं होतं. पण खारं पाणी फक्त झाडांच्या मुळाशी जात नाही. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात अभ्यासकांनी गरोदर बायकांच्या पिण्याच्या पाण्यातला खार मोजला. जिथे खार जास्त, तिथे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त, आणि पाणी अधिक खारं होतं त्या कोरड्या महिन्यांत पावसाळ्यापेक्षा जास्त, असं त्यांना आढळलं. गरोदरपणातला रक्तदाब म्हणजे पायांची सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, वेळेत लक्ष गेलं नाही तर झटके, आणि कधी कधी आई आणि बाळ दोघंही हातचे जाणं.

आता आपल्याकडे कुणी सूर्या धरणाचं पाणी पितं, कुणी यंत्रातून गाळलेलं, कुणी जारचं, तर कुणी अजून विहिरीचंच, आणि जेवण सगळीकडे नळाचंच पाणी घालून शिजतं असं नाही. दाकोपमध्ये जे दिसलं ते इथे दिसेलच असं मी म्हणत नाही. कदाचित काहीच निघणार नाही. पण हे शोधायला फार काही लागत नाही. गरोदर बाईचा महिन्याच्या महिन्याला मोजलेला रक्तदाब, तिच्या घरातल्या पाण्याचा नमुना, आणि दोन्ही एका कागदावर. तो रक्तदाब आज पंधरा वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फायलींत विखुरलेला आहे, म्हणून हा साधा प्रश्नसुद्धा विचारता येत नाही.

दुसऱ्या गावचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. या कमतरतेचं एक कारण म्हणजे मांस-मासे, दूध यांचं अन्नातलं अत्यल्प प्रमाण. आपल्या ताटात बोंबील, मांदेली, सुकट आहे. मग आपल्या सुनांचं बी-१२ बरं असेल? की पहिल्या महिन्यांत मासळीचा वास सहन होत नाही म्हणून ती बंद होते आणि आपलंही तेच? पुण्याच्या गावांनी पुण्याचं उत्तर दिलं. गासचं उत्तर गासलाच द्यावं लागेल.

ज्या अभ्यासाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं तो बेळगावचा आहे, मराठी मुलखाच्या सीमेवरचा. बाळ जन्मलं, वार पडली आणि रक्त थांबेना, ही गोष्ट आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकली आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर हे होतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. गर्भाशय आकसायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. जिथे फ्रीज नाही तिथे काय करायचं? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १६२० बाळंतिणींवर एक प्रयोग केला. निम्म्या जणींना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. गोळ्या देणाऱ्या होत्या गावातल्या नर्सबाई. औषध मिळालेल्यांमध्ये जास्त रक्तस्राव ६.४ टक्के जणींना झाला, न मिळालेल्यांमध्ये १२ टक्के. लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

याच बेळगावात आणखी एक गोष्ट झाली, जी मला गोळीपेक्षाही मोठी वाटते. बाळंतिणीच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी धरायची, म्हणजे किती रक्त गेलं ते सरळ वाचता येतं. जिल्हा रुग्णालयात तिची तुलना डोळ्यांनी केलेल्या अंदाजाशी झाली, तेव्हा कळलं की नजरेला रक्त एक तृतीयांशानं कमी दिसतं. म्हणजे अनुभवी माणसं उभी असतात, बाईचं रक्त जात असतं, आणि सगळ्यांना वाटतं की नेहमीइतकंच आहे. अशा मापाच्या पिशवीला उपचारांची जोड देऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांवर बाळंतपणांमध्ये मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये निकाल आला की जिथे रक्त मोजून लगेच सगळे उपचार एकदम सुरू केले, तिथे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

गासहून मोठ्या इस्पितळाचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. नालासोपाऱ्याचा उड्डाणपूल, मग महामार्ग, वर्सोव्याचा पूल, दहिसर. दोन तासांचा हिशेब त्या रस्त्यावर मांडून बघा. म्हणून बाळंतपणासाठी नाव घालायला जाल तेव्हा खोलीचं भाडं विचारता तसंच हेही विचारा: रक्त मोजायची पिशवी आहे का, रक्तपेढी कुठली, आणि पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे? हे विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

बेळगावच्या त्या १६२० जणींची नावं कुणालाही ठाऊक नाहीत. निम्म्यांच्या हातावर औषध नसलेली गोळी पडली, आणि तरीही त्यांनी होकार दिला होता.

गडचिरोलीचंही तसंच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं तेव्हा जगभरच्या आरोग्यवाल्यांना धक्का बसला. ९२ टक्के जणींना गर्भाशयाचा, योनीमार्गाचा किंवा पाळीचा काही ना काही आजार होता, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढंच धरलं जायचं. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीत जीव नकोसा होणं, हे सगळं बायकांनी सोसायचं असतं, असं बायकांनाही वाटायचं.

आपल्याकडे वेगळं आहे? चर्चच्या अंगणात, देवळाच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत आपण मुलांच्या मार्कांपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळं बोलतो. ‘पिशवी काढली’ एवढं मात्र हळू आवाजात, आणि का काढली ते कुणी विचारत नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये विचारलं गेलं तेव्हा काय बाहेर आलं ते आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मोजलं नसतं तर ती प्रत्येकीच्या घरातली खासगी गोष्ट राहिली असती.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हे आवाहन करणं अप्रामाणिकपणाचं होईल. अभ्यासाच्या नावाखाली बायकांवर अन्यायही झाला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली. त्या गटात या कर्करोगानं ३४ स्त्रिया गेल्या. तुलनेसाठी ज्या ३१ हजारांवर स्त्रियांची चाचणी केलीच नाही, त्यांच्यात ६४ गेल्या. एकाच चाचणीनं मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात हे जगाला त्यातून कळलं. पण तपासणीचा उपयोग होतो हे इतर देशांत माहीत असताना त्या ३१ हजार जणींना बिनतपासणीचं का ठेवलं, हा आक्षेप देशात आणि परदेशात घेतला गेला, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये तर एचपीव्ही लशीच्या अभ्यासात अनेक आदिवासी मुलींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला आणि पुढे संसदेच्या समितीनं कडक ताशेरे ओढले.

म्हणून दार उघडा, पण डोळे उघडे ठेवून. विचारायला येणाऱ्याला माहितीचा कागद मराठीत मागा, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. कोणत्या नैतिकता समितीनं मंजुरी दिली आहे ते विचारा. औषध किंवा लस देऊन पाहणार असतील तर भारतीय नोंदणीतला अभ्यासाचा क्रमांक विचारा. २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे. काही इजा झाली तर उपचार कोण करणार, निकाल आम्हाला सांगणार का, नाव गुप्त कसं राहील, हेही विचारा. मधेच नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातले उपचार बंद करता येत नाहीत. सही सुनेची हवी. सासऱ्यांची, नवऱ्याची किंवा गावच्या पुढाऱ्याची सही तिच्या जागी चालत नाही. जो या प्रश्नांना कंटाळतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल लिहिणं जड जातं. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत बाई त्यासंबंधीच्या कारणानं गेली, तर तो मातामृत्यू. गर्भपातानंतर गेली तरी, गर्भ नळीत राहून फुटल्यानं गेली तरी. अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हावी असा सरकारचा नियम आहे. घरी येऊन सगळा घटनाक्रम विचारला जातो: कधी त्रास सुरू झाला, गाडी कधी मिळाली, किती दवाखाने फिरावे लागले. यात दोषी पकडून शिक्षा करणं हा हेतू नसतो, कुठे उशीर झाला ते शोधणं हा असतो. अशा मृत्यूची खबर सगळ्यात आधी देणाऱ्याला हजार रुपये द्यायची तरतूदही केंद्राच्या सुमन योजनेत आहे. पैशासाठी कुणी खबर देणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याकडे काय होतं? ‘देवाची इच्छा’ म्हणून दफन किंवा दहन उरकतं, दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं जातं, आणि ती बाळंतीण होती हे कागदावर कुठेच उरत नाही. गावच्या धर्मगुरूंना आणि पुरोहितांना माझी हात जोडून विनंती आहे. अंत्यविधी आधी होऊ द्या, पण त्या आठवड्यातच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. तुमचं कुणी ऐकणार नाही असं होत नाही.

खासगी डॉक्टरांनाही सांगणं आहे. तुमच्या फायलींत या तालुक्याच्या बायकांचा इतिहास आहे. महिन्याचे आकडे पाठवताना फक्त बाळंतपणं आणि सिझेरियन मोजू नका. ज्या मरता मरता वाचल्या त्यांचीही नोंद ठेवा. खरी शिकवण त्यांच्याकडूनच मिळते, कारण त्या सांगायला जिवंत असतात.

आणि हे सगळं आत्ताच का? कारण जगातली मोजदाद आटत चालली आहे. २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, म्हणजे दर दोन मिनिटांना एक, आणि बहुतेक सगळ्या गरीब देशांतल्या. हे आकडे ज्या पाहण्यांवर उभे असतात त्यांतला मोठा कार्यक्रम, १९८४ पासून नव्वद देशांत चाललेला, अमेरिकेच्या पैशावर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पैसा एका फटक्यात थांबला. दुसऱ्याच्या खिशातून आपल्या बायकांची मोजणी होईल अशी आशा धरून बसणं आता परवडणार नाही.

तेव्हा आज संध्याकाळी कपाटावरची ती प्लास्टिकची पिशवी खाली काढा. सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर आशाताईंना बोलावून माता-बाल संरक्षण कार्ड करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे एकदा तरी जा, खासगी डॉक्टर चालू असले तरी. घराच्या विहिरीचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्या आणि त्याचा कागद याच फायलीत ठेवा. रविवारी मिस्सा सुटल्यावर, महिला मंडळाच्या बैठकीत, बचत गटात हे वाचून दाखवा. भाड्यानं राहणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या शेजारणीलाही सांगा, कारण तिचं माहेर लांब आहे आणि तिला हे सांगणारं इथे दुसरं कुणी नाही.